आभासी यंत्राची निरवानिरव

२६ सप्टेंबर २०२४ रोजी तीन 'परम रुद्र' महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्यांपैकी एक पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीसाठी, दुसरा दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रात आणि तिसरा कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्रात आहे. त्या दिवशी मुसळधार पावसामुळे पंतप्रधानांचा पुणे दौरा रद्द झाला आणि लोकार्पण दूरदृश्य प्रणालीने पार पडले. बातमी सर्वत्र झळकली आणि ती झळकायलाच हवी होती. परंतु आपल्या विज्ञानवार्तांमध्ये यंत्रे नेहमी सुरू होतात. एखादे यंत्र कुणी, कसे आणि किती काळजीने बंद केले याची बातमी मी क्वचितच वाचली आहे. आजचा हा काहीसा लांबलेला लेख त्या दुर्लक्षित अर्ध्या भागाविषयी आहे.

त्याला एक निमित्तही आहे. त्या बातमीच्या तीन महिने आधी, जूनच्या अखेरीस, एका प्रकल्प-आढाव्यासाठी मी दिल्लीला गेले होते आणि कस्तुरबा गांधी मार्गावरील नव्या महाराष्ट्र सदनात उतरले होते. (जुने महाराष्ट्र सदन कोपर्निकस मार्गावर आहे. भौतिकशास्त्राच्या माणसाला तो पत्ता अधिक शोभला असता. पण खोली मिळाली ती एकेकाळच्या कर्झन रोडवर.) रात्रीचे जेवण आटोपून दुसऱ्या दिवशीच्या सादरीकरणावर शेवटचा हात फिरवत असताना पुण्याहून निरोप आला: आमच्या गटाची एकोणीस आभासी यंत्रे सकाळपूर्वी बंद करायची आहेत. कारण रास्त होते. सेंटओएस ७ आणि सायंटिफिक लिनक्स ७ या दोन्ही प्रणालींचा सुरक्षा-आधार ३० जून २०२४ रोजी संपत होता. आमच्याकडे तर त्याहून जुनी, सायंटिफिक लिनक्स ६ वर चालणारी यंत्रेही होती. अशी यंत्रे जाळ्यावर उघडी ठेवणे म्हणजे दाराला कडी न लावता झोपणे.

आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, हा एक संगणकच असतो. फक्त त्याला शरीर नसते. एका खऱ्या संगणकाच्या आत प्रोग्रामच्या रूपाने दुसरा संगणक चालतो आणि आतल्या प्रणालीला आपण कुणाच्या पोटात आहोत याची जाणीव नसते. मूलकण भौतिकी आणि खगोलशास्त्रात अशा यंत्रांना विशेष महत्त्व आहे. दहा वर्षांपूर्वीचे विश्लेषण ज्या प्रणालीवर, ज्या ग्रंथालयांच्या ज्या आवृत्त्यांवर झाले, ती सारी मांडणी जशीच्या तशी टिकवायची असेल, तर तिला आभासी यंत्रात बंदिस्त करून ठेवणे हा सर्वांत सोयीचा मार्ग. फर्मीलॅब आणि सर्न यांनी सायंटिफिक लिनक्स उभारले ते जगभरच्या प्रयोगशाळांना एकच पाया मिळावा म्हणून. तो पाया कालबाह्य होतो. त्यावर उभे असलेले शोधनिबंध होत नाहीत.

एकोणीस यंत्रे, मी चौदाशे किलोमीटर दूर आणि हाती एक काळी खिडकी, जिच्यात आज्ञा टंकायच्या. अठरा यंत्रे पाऊण तासात मिटली. एकोणिसावे मिटेना. त्याची कथा पुढे सांगते; कारण ते का मिटत नव्हते हे समजण्यासाठी, संगणक 'बंद करणे' ही क्रिया मुळात विधीसारखी का झाली हे आधी पाहावे लागेल.

आरंभी ती तशी नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कसाठी कोलॉसस बांधणाऱ्या टॉमी फ्लॉवर्स यांच्यापुढे आक्षेप होता तो निर्वात नळ्यांचा: दीड हजारांहून अधिक नळ्या असलेले यंत्र टिकणारच कसे? टेलिफोन खात्यातील अनुभवावरून फ्लॉवर्स यांना ठाऊक होते की नळ्या प्रामुख्याने दगावतात त्या चालू-बंद करताना, तापण्या-निवण्याच्या ताणाने. त्यांचे उत्तर साधे होते: यंत्र बंदच करू नका. त्या युगात बंद करण्याची भीती ही काचेची आणि तंतूची भीती होती. माहितीची नव्हे.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले यंत्र १९६० साली कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या आणि चुंबकीय गाभ्यांची स्मृती. या स्मृतीपाशी भौतिकीच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. फेराइटचे चिमुकले कडे एका दिशेने चुंबकित झाले की वीज गेली तरी तसेच राहते. हिस्टेरेसिसचा जो आलेख आपण बारावीला काढतो, तीच त्या स्मृतीची यंत्रणा. संध्याकाळी वीज काढली आणि सकाळी दिली, तरी कड्यांमधील शून्य-एक जागच्या जागी. गंमत अशी की त्या स्मृतीत काही नष्ट होत असेल तर ते वाचताना: वाचलेला बिट पुसला जाई आणि लगेच पुन्हा लिहावा लागे. बंद करणे निरुपद्रवी, वाचणे विध्वंसक!

हे चित्र १९७० च्या दशकात उलटले. इंटेलची ११०३ ही अर्धवाहक स्मृती १९७० मध्ये बाजारात आली आणि काही वर्षांतच गाभ्यांचे युग मावळले. नवी स्मृती स्वस्त आणि वेगवान होती. पण बिट साठे तो सूक्ष्म धारित्रावरील विद्युतभाराच्या रूपात, आणि तो भार सतत गळत असे. दर काही सहस्रांश सेकंदांनी त्याला नवे केले नाही, तर तो विसरला जातो. यंत्र बंद करणे म्हणजे विसरणे, हे समीकरण इथे जन्मले.

त्याच काळात प्रणाली-लेखकांनी दुसरी एक गोष्ट केली. तबकडी हळू आणि स्मृती जलद. म्हणून लिहिण्याचे काम ते लांबणीवर टाकू लागले. तुम्ही फाइल जतन केली असे तुम्हाला वाटते. प्रत्यक्षात ती स्मृतीत रांगेत उभी असते आणि सवडीने तबकडीवर उतरते. युनिक्समध्ये यासाठी पार्श्वभूमीला एक छोटा प्रोग्राम असे, तो दर तीस सेकंदांनी साचलेले सारे तबकडीवर ढकलायचा. घाई असेल तर माणसाने स्वतः 'सिंक' ही आज्ञा द्यायची. जुने युनिक्सवाले 'सिंक' तीनदा टंकून मगच 'हॉल्ट' म्हणत. तीनदा टंकण्यात जादू नव्हती. टंकायला लागणाऱ्या वेळात तबकडीचे काम उरकत असे. पण पुढच्या पिढीने कारण विसरून विधी तेवढा उचलला आणि तीन आज्ञा एकाच ओळीत देऊ लागली. आपल्याकडच्या अनेक व्रतांचे असेच झाले आहे, असो.

आता शरीर नसलेल्या यंत्राकडे वळू. १९६४ च्या अखेरीस अमेरिकेत केंब्रिज येथील आयबीएमच्या विज्ञान केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी सीपी-४० या प्रकल्पाला हात घातला. एका सिस्टिम/३६० यंत्रावर चौदा आभासी सिस्टिम/३६० यंत्रे उभी राहिली. प्रत्येक वापरकर्त्याला वाटावे, समोरचा अख्खा संगणक माझाच. पण अख्खा संगणक म्हटला की त्याचा चालकफलकही आला, त्यावरील कळा आणि दिवेही आले. ते कुठून आणायचे? त्यांनी कळांच्या जागी शब्द आणले. खऱ्या यंत्रावर चालक जी कळ दाबून प्रणाली चढवी, तिच्यासाठी एक आज्ञा; ज्या कळेने यंत्र मूळ स्थितीत आणी, तिच्यासाठी दुसरी. वापरकर्ता टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर तो शब्द उमटवायचा आणि नसलेली कळ दाबली जायची. आज मी जी आज्ञा टंकते तिचे गोत्र इथवर जाते. याच घराण्यातील व्हीएम/३७० आयबीएमने २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर केले. त्याच्या अलीकडच्या वंशजात आतल्या यंत्राला 'बंद व्हायचे आहे, आवराआवर कर' अशी सूचना पाठवणारी वेगळी आज्ञाही आली. ती आधी का नव्हती, याचे उत्तर मला स्पष्ट दिसते: आरंभी आतल्या यंत्रात एकच माणूस बसलेला असे आणि आवराआवर तो स्वतः करी. यंत्रे बिनमाणसाची झाल्यावर सूचना देण्याची गरज निर्माण झाली.

भारताचा या परंपरेशी धागा १९७८ मध्ये तुटला. त्या वर्षी आयबीएमने भारतातील व्यवसाय गुंडाळला आणि तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. आमच्या पिढीपर्यंत आभासी यंत्र पोहोचले ते मोठ्या यंत्रांच्या वाटेने नव्हे, तर युनिक्स, लिनक्स आणि व्यक्तिगत संगणकाच्या वाटेने. दुरून आज्ञा देण्याची सोयही हळूहळू आली. १९८६ मध्ये ईआरनेटचा प्रारंभ झाला. मुंबईत जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यातील डायल-अप दुवा हा त्याचा पहिलावहिला टप्पा. दुरून सुरक्षितपणे आज्ञा देण्याचे एसएसएच हे साधन हेलसिंकीच्या तातू युलनेन यांनी लिहिले ते १९९५ मध्ये. दिल्लीतील खोलीतून पुण्यातील यंत्राला हात लावता येतो तो या दोन्हींच्या पुण्याईने.

व्यक्तिगत संगणकाच्या बटणाचीही याच सुमारास एक शांत क्रांती झाली. पूर्वी त्याचे बटण खरोखर वीज तोडत असे. १९९५ च्या एटीएक्स रचनेत ते बटण वीज तोडेनासे झाले. ते फक्त विनंती करू लागले. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले आणि विनंतीची भाषा ठरली: बटण दाबले की प्रणालीला संदेश जातो, प्रणाली आवरते आणि शेवटी स्वतःच वीज सोडते. बटण आणि वीज यांच्यामध्ये संमती आली.

इंटेलच्या प्रोसेसरांवर आभासी यंत्रे उभारणे १९७४ च्या पोपेक-गोल्डबर्ग कसोटीनुसार अवघड होते. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये ते युक्तीने साधले, इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या झेनने २००३ मध्ये वेगळ्या वाटेने, आणि २००५-०६ पासून प्रोसेसरांतच त्याची सोय झाली. २००७ च्या फेब्रुवारीत केव्हीएम लिनक्सच्या गाभ्याचाच भाग बनले. या साऱ्यांना एकाच आज्ञाभाषेत हाताळावे म्हणून २००५ च्या अखेरीस डॅनियल वेयार यांच्या पुढाकाराने लिबव्हर्ट आले आणि त्यासोबत विर्श नावाचा आज्ञाकवच. त्यातल्या दोन आज्ञांवर माझ्या त्या रात्रीची सगळी मदार होती: 'शटडाउन' आणि 'डिस्ट्रॉय'.

'शटडाउन' म्हणजे नसलेले बटण दाबणे. आतल्या प्रणालीला एसीपीआयचा संदेश जातो आणि आज्ञा लगेच परतते: यंत्र बंद होत आहे. हे वाक्य नवख्याला फसवते. यंत्र बंद झाले असे ते म्हणत नाही. निरोप पोहोचवला, एवढेच म्हणते. 'डिस्ट्रॉय' म्हणजे नसलेली वायर उपटणे. नाव भयंकर असले तरी ती तबकडी पुसत नाही. स्मृतीत चालत असलेले यंत्र तेवढे क्षणात नाहीसे करते. पण लांबणीवर टाकलेले जे जे लिहायचे राहिले असेल, ते गेले. या नावाबद्दल माझी तक्रार आहे. तबकडीला हात न लावणाऱ्या आज्ञेला 'विनाश' म्हणायचे आणि मांडणीच विसरायला लावणाऱ्या आज्ञेला 'अनडिफाइन' असे सौम्य नाव द्यायचे, यात भीतीची वाटणी चुकली आहे. माणसे पहिलीला घाबरतात आणि दुसरी, तबकड्याही काढून टाकण्याच्या पर्यायासह, बेफिकिरीने देतात.

पीएच.डी.च्या काळात मी स्वतः पहिलीला पुरेशी घाबरले नव्हते. एक आभासी यंत्र अडकले, मी वाट न पाहता 'डिस्ट्रॉय' दिले आणि पुन्हा सुरू केल्यावर माझ्या परिणामांच्या साऱ्या फाइली जागेवर होत्या. नावे बरोबर, तारखा बरोबर, आकार शून्य. सहा दिवसांची गणना. नंतर वाचताना कळले की मी एका प्रसिद्ध वादाची उशिरा आलेली वारसदार होते. २००९ मध्ये एक्स्ट४ ही नवी फाइल-व्यवस्था वापरणाऱ्यांनी अशाच शून्य आकाराच्या फाइलींची तक्रार केली होती. तिचे प्रमुख लेखक थिओडोर त्सो यांनी बाजू मांडली की तबकडीवर उतरल्याची हमी हवी असेल तर प्रोग्रामने ती स्पष्टपणे मागितली पाहिजे. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते. तरीही नेहमीच्या प्रकारांसाठी त्यांनी दुरुस्ती केली, हे मला त्यांच्या युक्तिवादापेक्षा अधिक आवडले.

आता एकोणिसावे यंत्र. आमच्या गटात आभासी यंत्रांना किल्ल्यांची नावे देण्याची रीत आहे. याचे नाव 'जीवधन'. तीनदा 'शटडाउन' दिले, तीनदा तेच उत्तर आले आणि यादीत जीवधन चालूच. कारण लवकर सापडले. त्यात सायंटिफिक लिनक्स ६ चे अगदी किमान रूप बसवलेले होते आणि त्या रूपात एसीपीआयचा संदेश ऐकणारा एसीपीआयडी हा छोटा प्रोग्राम नव्हता. मी दारावर थापा मारत होते. आत ऐकणारे कुणी नव्हते.

रात्रीचे साडेअकरा. एक शब्द टंकला असता तर काम संपले असते. तबकडीवरचे काही बिघडण्याची शक्यताही कमी, कारण ते यंत्र दोन वर्षे कुणी वापरलेच नव्हते. पण नेमके म्हणूनच थांबले. ज्या विद्यार्थिनीने ते उभारले होते ती आता जर्मनीत आहे. तिथे रात्रीचे आठ वाजले होते. फोन केला.

"ताई, जीवधन अजून चालू आहे?" तिला आधी हसूच आले. मग ती एकदम गप्प झाली. "अगं, थांब. बंद करू नकोस. शेवटचा दुरुस्ती-तक्ता मी वेगासाठी स्मृतीतल्या फोल्डरमध्ये ठेवला होता. तो तबकडीवर उतरवला की नाही, मला आठवत नाही."

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. लिनक्समध्ये स्मृतीचा एक भाग फोल्डरसारखा वापरता येतो. त्यातली फाइल तबकडीवर कधीच उतरत नाही. 'सिंक' तीनदा काय, तीनशेदा दिले तरी नाही. म्हणजे त्या रात्री सभ्य 'शटडाउन'सुद्धा तो तक्ता गिळून गेले असते. आत एसीपीआयडी असता, तर माझ्या पहिल्याच आज्ञेसरशी यंत्र शहाण्यासारखे आवरून मिटले असते आणि आमच्या एका प्रकाशित निबंधातील प्रत्येक आकडा ज्या तक्त्यातून गेला, तो तक्ता जगातून नाहीसा झाला असता. कुणाला कळलेही नसते.

दोन वर्षे तो टिकला कसा, हाही प्रश्न होताच. खालचे खरे यंत्र या काळात देखभालीसाठी अनेकदा बंद झाले होते. पण लिबव्हर्टची एक नेमस्त सोय आहे: यजमान यंत्र बंद होताना ती आतल्या यंत्रांची सारी स्मृती तबकडीवर उतरवून ठेवते आणि नंतर जिथल्या तिथे परत जागवते. जीवधनला आपण झोपलो होतो हे कळलेही नव्हते. त्याचे घड्याळ तेवढे मागे पडले होते.

तिने पासवर्ड सांगितला. तो एका मराठी म्हणीचा रोमन लिपीत लिहिलेला अर्धा भाग होता. उरलेला अर्धा आम्ही दोघींनी फोनवर एकदमच म्हटला. आत गेले. तक्ता होता, तीन गिगाबाइटांहून थोडा मोठा. आधी बाहेरून यंत्राच्या स्मृतीसकट एक पूर्ण प्रत काढली, मग आतून तक्ता तबकडीवर उतरवला, दोन्हींच्या चाचणी-बेरजा जुळवल्या. तिने तिकडून निबंधाच्या पुरवणीतील पाच आकडे वाचले, मी इकडे तक्त्यातून तेच पाच काढले. पाचही जुळले. त्यानंतर आतूनच, साध्या जुन्या पद्धतीने, प्रणालीला थांबायला सांगितले. ओळी एकेक करून उमटल्या: सेवा थांबल्या, तबकड्या सुटल्या, वीज सोडली. यादी पुन्हा मागवली तेव्हा जीवधनपुढे 'शट ऑफ' असे लिहिलेले होते. पावणेदोन वाजले होते. खाली रस्त्यावर एखादी गाडी इंडिया गेटच्या दिशेने जात होती आणि सकाळचे सादरीकरण तसेच अर्धवट पडले होते. ते सुमारच झाले, हेही सांगून टाकते.

जीवधन आता तबकडीवरची चाळीस गिगाबाइटांची एक फाइल आहे. तिच्या प्रती दोन वेगळ्या इमारतींत आहेत. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आम्ही ते एकदा, जाळ्यापासून तोडून, जागे केले, तेच पाच आकडे पुन्हा काढले आणि परत मिटवले. मूळ स्थितीत ढवळाढवळ नको म्हणून त्यात एसीपीआयडी अजूनही बसवलेला नाही. त्यामुळे ते बंद करायचे, तर आत जाऊनच करावे लागते.